राहात्याच्या बागांतले एकात्मिक कीड-रोग व्यवस्थापन: शिफारशीत किती, बांधावर किती?

नगर-मनमाड रस्त्याने शिर्डीकडे जाणाऱ्या भाविकाला राहाता ओळखीचे असते ते रस्त्याकडेच्या पेरूमुळे. व्यापाऱ्याला ते ओळखीचे असते बाजार समितीतल्या डाळिंबाच्या लिलावामुळे. अहिल्यानगर जिल्ह्यातला हा तालुका उसाच्या पट्ट्यात मोडतो, पण त्याचा पैसा आणि त्याची झोप बऱ्याच अंशी या दोन फळांवर अवलंबून आहे. डाळिंबाला तेल्या आणि मर, पेरूला फळमाशी आणि सूत्रकृमी. गेल्या दोन दशकांत बागाईतदारांच्या बैठकीत या चार नावांइतकी चर्चा दुसऱ्या कशाची झाली नसेल.

या दुखण्यांवर कृषी विद्यापीठापासून कृषी विज्ञान केंद्रापर्यंत सगळे एकच उत्तर देतात: एकात्मिक कीड-रोग व्यवस्थापन. त्याचे घटक प्रत्येक पुस्तिकेत छापलेले आहेत. स्वच्छता, निरोगी रोपे, योग्य बहार, सापळे, जैविक घटक आणि सगळ्यांत शेवटी, गरजेपुरते रसायन. प्रत्यक्षात बागेत हा क्रम अनेकदा उलटा होतो. आधी फवारणी, मग बाकीचे. असे का होते, याबद्दल शास्त्रज्ञ, खासगी सल्लागार, नैसर्गिक शेतीचे पुरस्कर्ते आणि स्वतः बागाईतदार यांची उत्तरे वेगवेगळी आहेत. ती उत्तरे, त्यांच्यामागचे पुरावे आणि अजून न सुटलेल्या गाठी यांचा हा आढावा.

बागा कशा आल्या

राहात्याचा परिसर पर्जन्यछायेतला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून निघालेल्या गोदावरीच्या उजव्या कालव्याने इथल्या काळ्या जमिनीला पाणी दिले. कालव्याच्या पाण्यावर आधी ऊस आला आणि त्याच्या सोबतीने मोसंबी-पेरूच्या बागा आल्या. तालुक्याच्या पश्चिमेकडची केलवड, कोऱ्हाळे, डोऱ्हाळे ही गावे मात्र जिरायतीच राहिली. कमी पाण्यात, हलक्या जमिनीत तग धरणारे डाळिंब त्यांना सोयीचे होते.

दोन्ही फळांच्या गाजलेल्या वाणांचे मूळ एकाच ठिकाणी, पुण्याच्या गणेशखिंड बागेत सापडते. फळशास्त्रज्ञ डॉ. जी. एस. चीमा यांच्या काळात तिथे १९२७ मध्ये पेरूच्या ‘सरदार’ म्हणजेच एल-४९ या वाणाची निवड झाली आणि १९३६ मध्ये डाळिंबाच्या ‘गणेश’ची. शेजारच्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुढे ‘मृदुला’, ‘आरक्ता’ आणि ‘भगवा’ हे लाल दाण्यांचे वाण दिले. आकर्षक रंग, टिकाऊ साल आणि निर्यातीची मागणी यांमुळे ‘भगवा’ने इतर वाणांना जवळजवळ हद्दपार केले.

लागवडीला खरी गती दिली ती १९९० मध्ये सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड कार्यक्रमाने. राज्यभर लाखो हेक्टरवर फळझाडे उभी राहिली. एवढी रोपे पुरवायला रोपवाटिका अपुऱ्या होत्या. त्यामुळे शेजाऱ्याच्या बागेतून बांधलेली गुटी, कुठल्याही गावाहून आलेली कलमे, जे मिळेल ते लागले. कमी अंतरावर लावलेला एकच वाण, तपासणी न झालेले रोप आणि बारमाही ठिबक, या तिन्ही गोष्टी रोगाच्या पथ्यावर पडणाऱ्या होत्या.

संकल्पना कुठून आली

एकात्मिक व्यवस्थापनाची कल्पना फळबागेतच रुजली, हे इथे सांगण्यासारखे आहे. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात ए. डी. पिकेट या कीटकशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात सफरचंदाच्या बागांचा अभ्यास केला. सफरचंदावरच्या खपल्या रोगासाठी गंधकाच्या फवारण्या होत. त्याच फवारण्या खवले किडीच्या नैसर्गिक शत्रूंना मारतात आणि मग खवले कीड वाढते, हे त्यांच्या लक्षात आले. औषध बदलून, फवारण्या कमी करून बागेतले मित्रकीटक वाचवता येतात, हे त्यांनी दाखवले. पुढे १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चौघांनी ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ ही कल्पना मांडली. कीड दिसली म्हणून फवारायचे नाही. ती जेवढे नुकसान करील ते फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त होणार असेल, तेव्हाच फवारायचे.

भारताने १९८५ मध्ये एकात्मिक कीड व्यवस्थापन हे पीक संरक्षणाचे अधिकृत धोरण म्हणून स्वीकारले. १९८८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले. महाराष्ट्रात २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाल्यानंतर ‘क्रॉपसॅप’ ही कीड-रोग सर्वेक्षणाची योजना आली आणि तिच्याच धर्तीवर डाळिंब, आंबा, केळी, संत्रा अशा फळांसाठी ‘हॉर्टसॅप’. डाळिंबासाठी सोलापुरात २००५ मध्ये राष्ट्रीय संशोधन केंद्र उभे राहिले. राहाता तालुक्यात बाभळेश्वरला कृषी विज्ञान केंद्र आहे. म्हणजे संस्थांची कमतरता हे इथल्या अडचणीचे कारण म्हणता येत नाही.

ऊसपट्ट्याला जैविक नियंत्रणाचा मोठा अनुभवही आहे. २००२ मध्ये उसावर लोकरी मावा आला तेव्हा पश्चिम महाराष्ट्र हादरला होता. डिफा ही परभक्षी अळी, मायक्रोमस आणि एन्कार्शिया या मित्रकीटकांच्या प्रसाराने पुढच्या काही हंगामांत तो आटोक्यात आला. साखर कारखान्यांनी ते काम गावोगाव एकाच वेळी केले होते. फळबागांच्या चर्चेत हा तपशील पुन्हा पुन्हा पुढे येतो, कारण फळबागेला असा कारखाना नाही.

तेल्या: जिवाणूशी गाठ

डाळिंबावरचा तेल्या हा झॅन्थोमोनास गटातल्या जिवाणूमुळे होतो. देशात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये दिल्लीत झाली. अनेक वर्षे तो किरकोळच राहिला. २००२-०३ नंतर मात्र महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्रात त्याने बागा बसवल्या. पानावर तेलकट, पाणीदार ठिपका आणि भोवती पिवळी कडा, फांदीच्या डोळ्यावर काळा चट्टा, फळावर डाग आणि मग एल किंवा वाय अक्षरासारखी, कधी चांदणीसारखी चीर. अनुकूल हवामानात नुकसान ६० ते ८० टक्क्यांपर्यंत जाते, असे संशोधन केंद्राचे साहित्य सांगते.

या जिवाणूला २८ ते ३० अंश तापमान आणि भरपूर आर्द्रता मानवते. पावसाचे उडणारे थेंब, छाटणीची कात्री, मजुरांचे हात आणि रोगट गुटी हे त्याचे प्रवासाचे मार्ग. गळालेल्या पानांत आणि फांद्यांवरच्या जुन्या चट्ट्यांत तो महिनोन्‌महिने तग धरतो. बागेत एकदा शिरला की पूर्ण निर्मूलन जवळजवळ अशक्य असते. बाजारात मागणी असलेल्या कोणत्याही वाणात त्याला खात्रीची प्रतिकारशक्ती नाही.

म्हणूनच शिफारशींचा भर औषधाआधी बहारावर आहे. डाळिंबाला तीन बहार धरता येतात. मृग बहारात फळ पावसाळ्यात वाढते. आंबे बहाराचे फळ पक्व होण्याची वेळ पावसात सापडते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये धरलेल्या हस्त बहाराचे फळ मात्र कोरड्या हवेत वाढते आणि फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत काढणीला येते. तेल्याग्रस्त बागांनी हस्त बहार धरावा, काढणीनंतर झाडाला तीन-चार महिने विश्रांती द्यावी, रोगट फांद्या चट्ट्याच्या दोन इंच खालून छाटाव्यात, कापलेल्या जागी १० टक्के बोर्डो पेस्ट लावावी, गळालेला पाला गोळा करून जाळावा, जमिनीवर ब्लीचिंग पावडरचे द्रावण मारावे, कात्री दर झाडाला सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवावी. एक टक्का बोर्डो आणि ताम्रयुक्त औषधे त्यानंतर येतात.

हा क्रम शास्त्राला धरून आहे यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो पाळण्याच्या शक्यतेवर. हस्त बहाराला हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी हक्काचे पाणी लागते. सप्टेंबरात जमिनीत ओल असेल तर झाडाला ताण बसत नाही आणि मादी फुले पुरेशी निघत नाहीत. तालुक्याच्या जिरायती गावांनी मृग बहार धरला तो हौसेने नव्हे. पाऊसच त्यांचे पाणी होते. २०२३ मध्ये निळवंडे धरणाच्या कालव्यात पाणी आले, २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डीतल्या कार्यक्रमात त्याचे लोकार्पण झाले. डाव्या कालव्याचे आवर्तन नियमित मिळाले तर या भागातला बहाराचा पर्याय बदलू शकतो. पण त्याच पाण्यावर नव्या लागवडी दाट होऊन रोगाचा ताण वाढेल, अशीही एक रास्त शंका आहे.

मर आणि खोडातली छिद्रे

तेल्या फळ खातो. मर झाडच नेते. सेराटोसिस्टिस ही बुरशी मुळांतून शिरून झाडाची पाणी वाहणारी ऊती बंद करते. एका फांदीची पाने पिवळी पडतात आणि बघता बघता झाड वाळते. खोड आडवे कापले तर आत करडे-तपकिरी पट्टे दिसतात. सूत्रकृमींनी मुळांना केलेल्या जखमा तिला दार उघडून देतात. २०२० नंतरच्या जास्त पावसाच्या वर्षांत सांगोला-आटपाडी या डाळिंबाच्या माहेरघरात मर आणि खोडाला सुईएवढी छिद्रे पाडणारा भुंगेरा यांनी मिळून हजारो एकर बागा काढायला लावल्या. तिथल्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरने उपटलेल्या बागांचा धसका राहात्यानेही घेतला.

उपाय म्हणून प्रॉपिकोनॅझोल आणि क्लोरपायरिफॉस यांच्या द्रावणाची झाडामागे आठ-दहा लिटर आळवणी सांगितली जाते, आजारी झाडाला आणि त्याच्या भोवतालच्या निरोगी झाडांनाही. खोडाला गेरूचा लेप, ट्रायकोडर्मा आणि मायकोरायझा शेणखतातून, सूत्रकृमीसाठी पॅसिलोमायसिस आणि आळ्यात झेंडू हे सोबतचे उपाय.

इथे एक पेच आहे. क्लोरपायरिफॉसची मान्यता युरोपीय संघाने २०२०च्या सुरुवातीला काढून घेतली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच्या अवशेषांची मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम इतकी खाली आणली. भारतातही मे २०२० मध्ये बंदीसाठी सुचवलेल्या २७ कीटकनाशकांच्या मसुद्यात त्याचे नाव होते. झाड वाचवायला जे लागते तेच निर्यातीच्या आड येते. मुळाशी केलेली आळवणी आणि फळावरचा अवशेष या वेगळ्या गोष्टी आहेत, पण निर्यातदाराची प्रयोगशाळा कारण विचारत नाही, आकडा पाहते.

पेरू: सोपे वाटणारे अवघड पीक

पेरूला कमी खर्चाचे, दणकट पीक मानायची रीत आहे. फळमाशीने ती समजूत बऱ्याच आधी मोडली. माशी पिकायला लागलेल्या फळाच्या सालीत अंडी घालते, अळ्या गर खातात, फळ गळते आणि अळी जमिनीत जाऊन कोष करते. पावसाळी बहारात उपद्रव सर्वाधिक, हिवाळी बहारात कमी. म्हणजे पेरूलाही पहिले औषध बहाराचेच.

मिथाइल युजेनॉलचे सापळे तालुक्यात सर्वत्र टांगलेले दिसतात. त्यांचे काम नीट समजून घेतले तर त्यांची मर्यादाही कळते. या गंधाकडे फक्त नर येतात. परिसरातले बहुतेक नर मेले, तरच माद्यांची अंडी फळेनाशी होतात. एका एकरात सापळे आणि चारी बाजूंना काही नाही, अशा स्थितीत बाहेरून माद्या येतच राहतात. सडकी फळे बांधाखाली टाकणारा एक शेजारी दहा जणांच्या सापळ्यांवर पाणी फिरवतो. मोठ्या फळांच्या नव्या वाणांना फोमची जाळी आणि प्लॅस्टिकची पिशवी घालण्याची पद्धत त्यामुळे लोकप्रिय झाली. तिला शेजाऱ्याच्या सहकार्याची गरज नाही. मजुरांची मात्र आहे. एल-४९च्या जुन्या, उंच बागेत प्रत्येक फळाला पिशवी घालणे परवडत नाही.

नवे संकट जमिनीखालचे आहे. मेलॉयडोगायनी एन्टेरोलोबी ही सूत्रकृमीची प्रजाती देशात २०१६च्या सुमारास तामिळनाडूतल्या पेरूवर नोंदली गेली. पूर्वीच्या सूत्रकृमींपेक्षा ती जास्त आक्रमक. मुळांवर मोठमोठ्या गाठी येतात, पाने तांबूस होतात आणि फ्युजॅरियम बुरशीची जोड मिळाली की झाड अचानक मरते. तिचा प्रसार रोपांच्या पिशव्यांतल्या मातीतून होतो. परराज्यांतल्या रोपवाटिकांतून ट्रकने आलेल्या स्वस्त कलमांचा मोह इथे फार महाग पडू शकतो, याबद्दल सगळे तज्ज्ञ एका सुरात बोलतात.

चार भूमिका

पहिली भूमिका वेळापत्रकाची. तालुक्यात खासगी सल्लागार आहेत. बागाईतदार त्यांना ‘डॉक्टर’ म्हणतात. पानगळीपासून काढणीपर्यंत कोणत्या दिवशी काय मारायचे याचा तक्ता ते देतात. त्यांच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद दुर्लक्षिण्यासारखा नाही. नुकसानीच्या पातळीची कल्पना किडींसाठी जन्मली. जिवाणूला ती लागू पडत नाही. तेल्याचा ठिपका दिसला तेव्हा संसर्ग आधीच झालेला असतो, म्हणून संरक्षण आगाऊच हवे. शिवाय सल्लागार दर आठवड्याला बागेत येतो, फोन उचलतो. कर्ज काढून बाग धरलेल्या माणसाला फवारणी हा विम्याचा हप्ता वाटतो. या भूमिकेवरचा आक्षेप असा की तक्ता एकदा हातात आला की तो हवामान पाहत नाही. एका टाकीत बुरशीनाशक, कीटकनाशक, संजीवक आणि विद्राव्य खत एकत्र होतात. सल्ला आणि विक्री यांची सीमारेषाही काही ठिकाणी पुसट असते.

दुसरी भूमिका संशोधन संस्थांची. सोलापूरचे केंद्र, राहुरीचे विद्यापीठ आणि कृषी विज्ञान केंद्रे एकात्मिक पद्धतीचा आग्रह धरतात. त्यांचा पाया मजबूत आहे, कारण त्यात किडीचे जीवनचक्र पाहिलेले असते. रस शोषणाऱ्या पतंगाचे उदाहरण बोलके आहे. हा पतंग रात्री येऊन फळाला सोंड खुपसतो आणि पहाटेपूर्वी निघून जातो. त्याच्या अळ्या मात्र बांधावरच्या गुळवेल, वासनवेलीवर वाढतात. दिवसा फळांवर कितीही फवारले तरी त्याचे काही बिघडत नाही. वेली काढणे, धूर, प्रकाश सापळा आणि गुळाचे विषारी आमिष हाच मार्ग. या भूमिकेवरची टीका वेगळ्या अंगाची आहे. शिफारशींची यादी लांब असते, त्यातल्या कोणत्या घटकाने किती फायदा होतो हे सुटे करून सांगितलेले नसते. त्यामुळे शेतकरी सोपे तेवढे उचलतो. सापळा लावतो, पाला जाळत नाही.

तिसरी भूमिका नैसर्गिक आणि सेंद्रिय शेतीची. विदर्भातले सुभाष पाळेकर यांच्या शिबिरांनी जीवामृत आणि दशपर्णी अर्क गावोगाव पोहोचवले. रसायनांनी जमिनीतली जिवाणूसृष्टी मारली, म्हणून मुळे दुबळी झाली आणि मर वाढली, असे त्यांचे म्हणणे. सेंद्रिय पदार्थ वाढले की मुळांच्या रोगांना जमीन चांगली तोंड देते, याला सर्वसाधारण शास्त्रीय आधार आहे. पाच टक्के निंबोळी अर्क तर विद्यापीठांच्याच शिफारशीत आहे. अडचण पावसाळी तेल्याच्या बाबतीत येते. घरगुती अर्काची तीव्रता दर वेळी वेगळी असते आणि उद्रेकाच्या हवामानात त्यावर विसंबण्याइतके चाचणीचे आकडे उपलब्ध नाहीत. सेंद्रिय शेतीतही बोर्डो मिश्रण चालते. मात्र ताम्र जमिनीत साठत जाते.

चौथी भूमिका वाण आणि आडोशाची. झाडाखाली लढण्यापेक्षा झाडच बदला, नाही तर झाडावर छत घाला, असे ती म्हणते. राहुरीने ‘फुले भगवा सुपर’ आणि सोलापूरने ‘सोलापूर लाल’ हे वाण दिले. त्यांत उत्पादन, रंग, पोषणमूल्य यांत भर पडली. तेल्याला दाद न देणारा आणि बाजारालाही पटणारा वाण मात्र हाती आलेला नाही. आच्छादनाने उन्हाचे चट्टे पडणे आणि पक्ष्यांचा त्रास कमी होतो. पण भांडवल मोठे लागते आणि हवा न खेळणाऱ्या आच्छादनाखाली दमटपणा वाढण्याचा धोकाही असतो.

या भूमिका कागदावर वेगळ्या दिसतात. राहात्याच्या बहुतेक बागांत त्या एकत्र नांदतात: जीवामृताची टाकी, सल्लागाराचा तक्ता आणि विद्यापीठाची पुस्तिका एकाच शेडमध्ये असतात.

ज्यावर एकमत आहे

इतक्या मतभेदांतही चार मुद्द्यांवर सगळे एकत्र येतात. रोप निरोगी असेल तर अर्धी लढाई जिंकली. खात्रीच्या मातृवृक्षाचे किंवा ऊतीसंवर्धित रोप घ्यावे. लागवडीत अंतर हवे; डाळिंबाला १५ बाय १० फूट हे आता सर्वमान्य झाले आहे. बागेला विश्रांती हवी. वर्षात दोनदा फळ घेण्याचा हव्यास झाडाला भोवतो. आणि स्वच्छतेला पर्याय नाही.

चारही गोष्टींत एक साम्य आहे. त्या दुकानात बाटलीतून मिळत नाहीत, म्हणून त्यांचा प्रचार करण्यात कोणाचा व्यापारी फायदा नाही.

न सुटलेल्या गाठी

पहिली गाठ प्रतिजैविकांची. तेल्यासाठी स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण वर्षानुवर्षे वापरले गेले. तीच औषधे माणसांच्या उपचारात लागतात. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने त्यांच्या शेतीतल्या वापरावर बंदीचा मसुदा आदेश काढला. १ फेब्रुवारी २०२२ पासून आयात-उत्पादन थांबवायचे आणि १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्ण बंद करायचा, असे त्यात म्हटले होते. बागाईतदार विचारतात, मग जिवाणूवर दुसरे काय? ब्रोनोपॉल, ताम्र, झाडाची प्रतिकारशक्ती जागवणारे सॅलिसिलिक ॲसिड, जैविक घटक हे पर्याय आहेत. पण भर पावसातल्या बागेत त्यांची तुलना करणारे आकडे शेतकऱ्यापर्यंत पोहोचलेले नाहीत. दुसऱ्या बाजूला जगाचा अनुभव सावध करणारा आहे. सफरचंद आणि नाशपातीवरच्या फायर ब्लाइट या जिवाणूजन्य रोगासाठी अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन वापरले गेले आणि १९७१ मध्येच कॅलिफोर्नियाच्या बागांत त्याला न जुमानणारा जिवाणू सापडला.

दुसरी गाठ अवशेषांची. द्राक्षासाठी ‘ग्रेपनेट’ आणि डाळिंबासाठी ‘अनारनेट’ अशी बागनोंदणीची व्यवस्था केंद्राच्या ‘अपेडा’ या निर्यात विकास संस्थेने उभी केली. निर्यातीच्या बागेत लेबल क्लेम (त्या पिकासाठी औषधाला असलेली अधिकृत मान्यता) आणि काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी पाहिला जातो. पण तालुक्यातला बराचसा माल बाजार समितीत क्रेटने विकला जातो आणि तिथे भाव ठरतो आकार, रंग आणि डाग यांवर. कमी फवारलेल्या फळाला वेगळा भाव देणारी यंत्रणा देशी बाजारात रुजेपर्यंत एकात्मिक पद्धतीला पैशाचे पाठबळ कोठून मिळणार, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे आणि शेतीशास्त्राकडे त्याचे उत्तर नाही.

तिसरी गाठ जैविक उत्पादनांच्या दर्जाची. ट्रायकोडर्मा किंवा स्यूडोमोनास चालतो की नाही, हे त्या पाकिटात जिवंत बीजाणू किती यावर ठरते. उन्हात ठेवलेल्या पाकिटाने गुण दिला नाही की शेतकरी जैविक पद्धतीलाच नावे ठेवतो. केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये जैव-उत्तेजकांना खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणले. गावपातळीवर पाकीट तपासून घेण्याची सोय मात्र सहज उपलब्ध नाही.

चौथी हवामानाची. हस्त बहार सुरक्षित, हे गणित ऑक्टोबरनंतर पाऊस थांबतो या गृहीतावर उभे आहे. नोव्हेंबर, डिसेंबर आणि मार्चमधला अवकाळी पाऊस व गारपीट आता नवलाची राहिलेली नाही. महसूल मंडळनिहाय ‘महावेध’ हवामान केंद्रांची माहिती आहे, बागेत बसवायची खासगी यंत्रेही आहेत. त्यांच्या आधाराने फवारण्या किती कमी होतात याचा तालुक्याच्या पातळीवरचा, अनेक हंगामांचा ताळेबंद अजून कोणी मांडलेला नाही.

पाचवी आणि कदाचित सर्वांत मोठी गाठ सामूहिकतेची. फळमाशी, पतंग, तेल्याचा जिवाणू यांपैकी कोणीही सातबारा पाहून थांबत नाही. सोडून दिलेली एक बाग साऱ्या शिवाराला रोग पुरवते. लोकरी माव्याच्या वेळी कारखान्यांनी केलेले काम फळबागांत कोणी करायचे: बाजार समितीने, शेतकरी उत्पादक कंपनीने, ग्रामपंचायतीने की कृषी विभागाने? सोडलेल्या बागा काढायला भाग पाडता येईल का, आणि त्याची भरपाई कोण देईल? कीड-रोग सर्वेक्षण गावाला इशारा देते. गावाची एकत्रित कृती घडवण्याचा अधिकार किंवा निधी त्याच्याकडे नाही.

आजची स्थिती

सगळ्या बाजू पाहिल्या तर काही गोष्टी ठामपणे म्हणता येतात. निरोगी रोप, बहाराची निवड, विश्रांती आणि स्वच्छता यांचा आधार सर्वांत भक्कम आहे. तेल्यासारख्या जिवाणूजन्य रोगात संरक्षक फवारणी टाळता येणार नाही, ही सल्लागारांची बाजू बरोबर आहे. ती हवामान पाहून झाली पाहिजे, ही संस्थांची बाजूही तितकीच बरोबर. नैसर्गिक पद्धतीचे जमिनीच्या आरोग्याबद्दलचे म्हणणे स्वीकारण्यासारखे आहे, फळावरच्या रोगाबद्दलचे दावे अजून तपासून घ्यायचे आहेत. प्रतिरोधक वाण मिळेपर्यंत तेल्याचा कायमचा बंदोबस्त कोणी कबूल करत असेल, तर त्यावर विश्वास ठेवायला आधार नाही.

राहात्यापुरते बोलायचे तर पुढची पायरी फार खर्चाची नाही. फळमाशीचे सापळे एका शिवारात एकाच आठवड्यात लावणे, पडलेली फळे पुरण्यासाठी गावाने खड्डे ठरवणे, रोपांच्या गाड्या येतात तेव्हा मुळांवरच्या गाठी तपासणे आणि एका गावातल्या बागाईतदारांनी बहार शक्यतो एकाच वेळी धरणे. बाभळेश्वरचे केंद्र, बाजार समिती आणि गावचे उत्पादक गट यांनी एक-दोन गावांत तीन हंगाम हे करून, फवारण्यांचा खर्च आणि मिळालेला भाव दोन्ही लिहून ठेवावेत आणि ते आकडे लिलावाच्या ओट्यावर लावावेत. या वादात आज सगळ्यात जास्त उणीव आहे ती अशा स्थानिक आकड्यांचीच.